चष्मा घालवणारा लेसर: मशीनच्या आधी कॉर्निया पाहा

‘ब्लेडशिवाय, काही मिनिटांत चष्म्यापासून सुटका’ ही जाहिरात तुमच्याही मोबाइलवर आली असेल. ती वाचून येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: लॅसिक करू की स्माइल? खरं तर आधी विचारायला हवं, की माझ्या कॉर्नियाला हे झेपेल का?

कॉर्निया म्हणजे बुबुळासमोरचा पारदर्शक पडदा. लेसर तो किंचित पातळ करून त्याचा आकार बदलतो. लॅसिकमध्ये वरचा पापुद्रा उचलून खालचा थर एक्सायमर लेसरने कमी करतात आणि पापुद्रा परत बसवतात. स्माइलमध्ये फेम्टोसेकंद लेसर आतल्या आत एक पातळ चकती कापतो. ती २ ते ४ मिलिमीटरच्या छेदातून बाहेर काढतात.

आता लॅसिकचा ढोबळ हिशेब करा. कॉर्नियाची सरासरी जाडी सुमारे ५४० मायक्रॉन. पापुद्र्याचे ११० गेले आणि प्रत्येक नंबरामागे साधारण १५. नंबर उणे ६ असेल तर ३४० उरतात, ठीक. पण जाडी ४८० आणि नंबर उणे ८ असेल तर उरतात २५०, म्हणजे अगदी काठावर. अनेक सर्जन ३०० च्या खाली जातच नाहीत, कारण फार पातळ झालेला कॉर्निया पुढे फुगू शकतो आणि मग चष्म्यानेही नीट दिसत नाही. जाडी पुरेशी असूनही टोपोग्राफीत केराटोकोनसची शंका आली, तर लॅसिक नको. डोळे चोळायची सवय असेल तर लपवू नका.

अमेरिकेच्या एफडीएने जुलै २०२२ मध्ये एक मसुदा काढला: कोरडे डोळे, रात्री दिव्यांभोवती दिसणारी वलयं, काहींना टिकून राहणारी वेदना हे सगळं रुग्णाला लॅसिकआधी स्पष्ट सांगावं. नेत्रसर्जनांच्या संघटनांनी तो एकांगी ठरवला. बहुतेक रुग्ण समाधानी असतात, हे खरंच. पण रात्री गाडी चालवून पोट भरणाऱ्याला वलयांबद्दल आधी कळायला हवं, यात वाद कसला?

वय १८ पूर्ण हवं, नंबर वर्षभर स्थिर हवा. भरतीसाठी करत असाल तर त्या दलाचे नियम आधी वाचा. काही ठिकाणी लेसर केलेला डोळा चालत नाही. चाळिशीचा वाचायचा चष्मा यानंतरही लागू शकतो. आणि ऑपरेशनपूर्वीचा नंबर व कॉर्नियाची मापं लिहिलेला कागद मागून जपून ठेवा. पुढे मोतीबिंदू काढताना भिंगाचा नंबर ठरवायला तो उपयोगी पडतो.