दमेकऱ्याला पंपही द्या, प्राणायामही शिकवा

यवतमाळ जिल्ह्यात दमेकऱ्याला धूळ आणि धूर चुकवणे कठीण आहे. वणी भागात कोळशाची वाहतूक, जिनिंगमध्ये कापसाची उडती धूळ, घरोघरी चुलीत जळणाऱ्या पऱ्हाट्या. अशा माणसाला प्राणायामाचा आधार जरूर मिळावा, पण औषध सोडून मुळीच नाही. त्यासाठी हे मुद्दे.

१. जेवढे सिद्ध झाले, तेवढेच सांगा. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम उभारले आणि योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या. आपणही त्याच वाटेने जावे. कॉक्रन या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात १५ चाचण्या आणि १,०४८ दमेकरी होते. योगाने त्रास थोडा कमी होतो आणि रोजचे जगणे थोडे सुसह्य होते, असे त्यात दिसले. दमा मुळापासून जातो, असे दिसले नाही.

२. सूज औषधानेच उतरते. दम्यात श्वासनलिका आतून सुजतात, आवळतात. ही सूज रोजच्या पंपातून (इनहेलर) श्वासावाटे घेतलेल्या स्टेरॉइडने आटोक्यात राहते. संथ श्वासाने घाबरेपणा आणि उथळ, भराभर श्वास घेण्याची सवय कमी होऊ शकते. दोन्हींची कामे वेगळी आहेत.

३. ‘पंपाची सवय लागते’ ही भीती काढा. पंपाने व्यसन लागत नाही. बरे वाटले म्हणून रोजचा पंप परस्पर बंद केला, की दमा पुन्हा उसळतो. योगशिक्षकाने वर्गाच्या सुरुवातीलाच विचारावे: आजचा पंप घेतला का?

४. झेपेल तेच शिकवा. भ्रामरी, अनुलोम-विलोम, लांब संथ उच्छ्वास यांपासून सुरुवात करावी. दम्यासोबत रक्तदाब किंवा हृदयविकार असेल, तर जोरकस कपालभाती आणि श्वास रोखून धरणे टाळावे.

५. झटका आला, तर प्राणायाम करत बसू नका. रुग्णाला ताठ बसवा, आराम देणारा पंप द्या. वाक्य पुरे बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील किंवा पंपाने उतार पडत नसेल, तर तत्काळ १०८ ला फोन करा. वणीहून यवतमाळचे वैद्यकीय महाविद्यालय शंभरएक किलोमीटर आहे. तिथे पोहोचेपर्यंत थांबता येत नाही, म्हणून पंप आणि ऑक्सिजन जवळच्या सरकारी दवाखान्यातच हवेत.

६. हवेची जबाबदारी रुग्णावर ढकलू नका. कोळशाचे ट्रक झाकणे, रस्त्यावर पाणी मारणे, जिनिंगमधली धूळ आवरणे ही खाण, कारखाना आणि प्रशासन यांची कामे आहेत. श्वास कितीही साधला, तरी आत जाणार ती हीच हवा.

७. मागणी ग्रामसभेत मांडा. आयुष्मान आरोग्य मंदिरांत योगवर्ग अपेक्षितच आहेत. २१ जूनच्या योगदिनापुरते ते नकोत. दमेकऱ्यांसाठी आठवड्यातून एक वार ठरवा. त्या दिवशी परिचारिकेने पंप ओढण्याची पद्धत तपासावी आणि योगशिक्षकाने प्राणायाम घ्यावा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तसा ठराव करा आणि आपल्या आरोग्य मंदिरात रोजच्या पंपाचा साठा किती आहे, याचे उत्तर तिथेच लेखी मागा.