मारुती कांबळे आणि कोंढाण्याचे धरण

जब्बार पटेल यांचा ‘सामना’ १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला, त्याला अर्धे शतक लोटले. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या या चित्रपटात साखरसम्राट हिंदुराव धोंडे-पाटलाच्या राज्यात मारुती कांबळे नावाचा माणूस नाहीसा होतो आणि एक दारूडा, वृद्ध मास्तर त्याचे काय झाले हे विचारीत सुटतो. निळू फुले आणि श्रीराम लागू यांची ती जुगलबंदी आमच्या पिढीच्या कार्यकर्त्यांनी तंबूत, पडद्याच्या मागच्या बाजूला बसूनसुद्धा पाहिली आहे.

त्या चित्रपटाबद्दल आमची एक जुनी तक्रार आहे. मारुती कांबळे मजुरांचा माणूस. पण त्याच्याविषयी विचारणा करणारा मास्तर एकटाच. मजूर गप्प. रहस्यकथेला एक प्रेत, एक खलनायक आणि एक शोधक लागतो, हे मान्य. परंतु सत्तेचा गुन्हा बहुधा असा घडत नाही. तो फायलीत घडतो. तेथे रक्त सांडत नाही; अंदाजपत्रक वाढते.

कर्जत-खालापूरच्या साथींना उदाहरणासाठी कारखान्याच्या मुलखात जाण्याचे कारण नाही. उल्हास नदीवरील कोंढाणे धरण शेतीच्या पाण्यासाठी म्हणून आखले गेले. कोकण पाटबंधारे विकास महामंडळाच्या या कामाचा खर्च भराभर फुगवला गेला आणि वनखात्याच्या मंजुरीवाचून काम सुरू झाले, असे आक्षेप २०१२ साली जाहीरपणे घेतले गेले. काम थांबले, चौकशा झाल्या, पुढे धरण सिडकोकडे गेले. आणि शेतकऱ्याच्या नावाने आखलेले पाणी ‘नैना’ नगराच्या हिशेबात मांडले गेले. यात हिंदुराव कोण? एका माणसाकडे बोट दाखवता येत नाही, म्हणून गावात कोणी बोटच दाखवत नाही.

या भागाला हे नवे नाही. १९१५ साली खोपोलीत टाटांचे वीजघर सुरू झाले. वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. भाई कोतवालांनी येथील शेतकऱ्यांना सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून धान्यकोठ्या काढल्या, बेचाळीसच्या लढ्यात आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. मनोरा पाडणे सोपे होते असे आम्ही म्हणणार नाही. पण तो निदान डोळ्यांना दिसत होता.

शिळफाट्यावरून जुन्या महामार्गाने मुंबईकडे निघाले की चौकजवळ इर्शाळगड दिसतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसे बेपत्ता ठरवून शोध थांबवण्यात आला. वाडीला रस्ता नव्हता; मदतपथके डोंगर चढून गेली. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नावच नव्हते, असे विधिमंडळात सांगण्यात आले. पाऊस कोणी पाडला नाही, हे खरे. यादी मात्र माणसांनी केली होती.

माहितीचा अधिकार २००५ पासून केंद्रीय कायद्याने आहे; मास्तरापाशी तो नव्हता. खालापूर आणि कर्जत तालुक्यांतील डोंगरउतारावरील प्रत्येक वाडीचे नाव आजच्या यादीत आहे काय, आणि कोंढाण्याच्या पाण्यातील किती हिस्सा शेतीसाठी राखला आहे, हे दोन अर्ज गावोगावच्या साथींनी आपल्या सहीने, एकट्यादुकट्याने नव्हे तर ग्रामसभेत वाचून, पावसाळ्यापूर्वी दाखल करावेत.