श्रावणबाळाच्या नावाने

निराधार वृद्धांना दरमहा अनुदान देणाऱ्या आपल्या योजनेला महाराष्ट्र शासनाने ‘श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना’ असे नाव दिले आहे. नाव ठेवणाऱ्यास कथेचा पूर्वार्ध तेवढा आठवला असावा. आंधळ्या आईबापांना कावडीतून तीर्थयात्रेस नेणारा पुत्र सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु पाणी आणावयास गेलेला तो पुत्र राजाच्याच बाणाने मेला आणि मागे म्हातारा-म्हातारी तहानलेलीच गेली, हा उत्तरार्ध मंत्रालयात कोणी सांगितलेला दिसत नाही.

नावातील खरी खोच मात्र वेगळीच आहे. म्हाताऱ्यांना सांभाळणे हे मुलाचे काम. मुलगा नसेल वा नालायक निघाला असेल तर सरकार दयाबुद्धीने चार पैसे देईल, ही त्यामागील भूमिका. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमाची भाषा तशी नाही. बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता या अवस्थांत सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा ‘हक्क’ उपलब्ध करून देणे हे राज्याचे कर्तव्य, असे ते कलम म्हणते. ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ ही पळवाट त्यात आहे, हे खरे. आणि आजवरची सर्व सरकारे त्या पळवाटेतच बिऱ्हाड करून राहिली, हेही तितकेच खरे.

या दयाबुद्धीचे माप पाहण्यासारखे आहे. जुलै २०२३ मध्ये राज्य शासनाने अनुदान १,००० रुपयांवरून १,५०० रुपयांवर नेले, आणि त्याचा गाजावाजाही पुष्कळ केला. पण पात्रतेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपयेच ठेवली. म्हणजे सगळ्या कुटुंबाचे मिळून दिवसाला ५८ रुपयांहून कमी! त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २७३ रुपये होती. घरातील एखाद्या सुनेने वर्षात ७७ दिवस माती उचलली, तर कुटुंबाचे उत्पन्न ही मर्यादा ओलांडते आणि सासू अपात्र ठरते. शंभर दिवसांच्या कामाची हमीही तेव्हा सरकारचीच होती आणि ते काम मिळाले म्हणून अपात्र ठरविणारेही सरकारच. घरात दोन वृद्ध लाभार्थी असले तर शासन स्वतःच त्यांना वर्षाला ३६,००० रुपये देते. ज्या रकमेवर जगणे अशक्य आहे हे शासनाच्याच अनुदानावरून सिद्ध होते, तीच रक्कम गरिबीची सीमा म्हणून कागदावर कायम राहिली.

मग लाभ मिळतो तो कोणाला? तलाठ्याकडून मर्यादेच्या आत बसेल असा उत्पन्नाचा आकडा जो लिहून आणू शकतो, त्याला. हे प्रत्येक तालुक्यात प्रत्येकास ठाऊक आहे. आयुष्यभर हमाली केलेल्या, ऊस तोडलेल्या, दुसऱ्याच्या घरची भांडी घासलेल्या माणसाला सत्तरीत सरकार खोटे प्रतिज्ञापत्र करावयास लावते आणि त्या खोट्याची जाण असणाऱ्या प्रत्येक कारकुनाच्या व पुढाऱ्याच्या मिंधेपणात ठेवते. तालुक्याच्या समितीचा अशासकीय अध्यक्ष पालकमंत्र्यांच्या मर्जीने नेमला जातो. अर्ज मंजूर झाला की तो साहेबांनी मंजूर केला असे म्हातारीला सांगितले जाते, आणि निवडणुकीच्या वेळी त्याची आठवणही करून दिली जाते. अर्थात नियम अशक्य असावेत आणि त्यांतून वाट काढणारा ‘आपला माणूस’ असावा, यात सत्ताधाऱ्यांची सोयच आहे.

या व्यवस्थेचे सर्वांत उघडे दर्शन २०२४ साली घडले. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर ‘लाडकी बहीण’ योजना आली. रक्कम तीच, १,५०० रुपये. वय २१ ते ६५. आणि कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. गरीब स्त्रियांच्या हाती पैसा पडला याबद्दल समाजवाद्यांनी नाक मुरडण्याचे काहीच कारण नाही. पण हिशेब पाहावा. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी जी स्त्री अडीच लाखांच्या मर्यादेत शासनाची बहीण होती, ती पासष्ट पूर्ण होताच म्हातारी ठरते आणि तिच्यासाठी मर्यादा एकवीस हजारांवर कोसळते. हातपाय थकले त्याच दिवशी बहिणीचे नाते संपले!

केंद्र सरकारची कथा याहून करंटी आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तीवेतन सुरू झाले तेव्हा केंद्राचा वाटा ७५ रुपये होता. २००६ साली तो २०० रुपये झाला. ऐंशी वर्षांवरील वृद्धांना २०११ पासून ५०० रुपये मिळू लागले. इतरांचे दोनशे पुढे २०२४ पर्यंतची अठरा वर्षे दोनशेच राहिले. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे सुमारे १० कोटी ४० लाख लोक होते. केंद्राने लाभार्थींची संख्या सव्वादोन कोटींच्या आत गोठवून ठेवली.

त्याच १९९५ साली शेजारच्या नेपाळमध्ये मनमोहन अधिकारी यांच्या कम्युनिस्ट सरकारने पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस दरमहा १०० नेपाळी रुपये देण्यास आरंभ केला. दारिद्र्याचा दाखला मागितला नाही. वय हीच पात्रता. पुढे सरकारे आली, गेली, राजेशाहीही गेली. भत्ता मात्र वाढत राहिला. २०२१ साली तो ४,००० नेपाळी रुपये, म्हणजे आपले २,५०० रुपये झाला. भारताहून किती तरी गरीब असलेल्या देशाला जे परवडले, ते आपल्याला परवडत नाही असे कोणत्या तोंडाने सांगावे?

‘मग धनिकांनाही द्यायचे काय?’ हा प्रश्न नेहमी येतो. आयकर भरणारे आणि पुरेसे निवृत्तीवेतन घेणारे वगळावेत. त्यांची यादी सरकारजवळ आहेच. करोडो गरिबांनी गरिबी सिद्ध करण्यापेक्षा मूठभर सुस्थितांना वजा करणे हे कारभाराच्या दृष्टीनेही स्वस्त पडेल.

परंतु सारा दोष सरकारवर टाकून चळवळीला मोकळे होता येणार नाही. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्य कर्मचाऱ्यांचा संप झाला, तो न्याय्यच होता. केंद्रीय कर्मचाऱ्यांना दहा वर्षांच्या सेवेनंतर किमान १०,००० रुपयांची हमी २०२४ साली मान्य झाली, ती संघटित दबावामुळे. पण त्या मोर्चांत असंघटितांच्या म्हातारपणाची मागणी किती फलकांवर होती? वास्तविक याच महाराष्ट्रात हमालांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला आणि पाठीवर पोती वाहणाऱ्यास भविष्यनिर्वाह निधी मिळाला. बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने २०१२ साली पेन्शन परिषदेने किमान वेतनाच्या निम्म्याइतके सार्वत्रिक निवृत्तीवेतन मागितले. ती मागणी पक्षाच्या ठरावांत असते. शाखांच्या कामात ती क्वचितच दिसते.

वयाची अट ६० वर आणणे (केंद्राने ती २०११ सालीच आणली, श्रावणबाळ मात्र पासष्टीवर अडून बसला), एकवीस हजारांची मर्यादा रद्द करणे आणि रक्कम किमान वेतनाशी जोडणे, यांसाठी दीर्घ लढा द्यावा लागेल. एक काम मात्र येत्या महिन्यापासून करता येईल. हे निवृत्तीवेतन दर महिन्याच्या ७ तारखेपर्यंत मिळालेच पाहिजे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिलेला आहे. प्रत्येक तालुक्यातील शाखेने ८ तारखेस गावातील वृद्धांना बरोबर घेऊन तहसील कचेरीत जावे आणि पैसे जमा झाले की नाही, हे लेखी विचारावे.