‘विशेष बाब’ कुणाची?

‘विशेष बाब म्हणून मंजूर’ हा शेरा सरकारी फायलीवर सहज पडतो. ती बाब विशेष का, हे मात्र क्वचितच लिहिलेले सापडते. स्वेच्छाधिकार नकोतच, असे कोणी म्हणणार नाही. प्रत्येक प्रसंगाचा नियम आधी लिहून ठेवता येत नाही. पण ज्याला अधिकार दिला त्यानेच तो डोके लावून वापरावा आणि कारण त्याच वेळी नोंदवावे, हे फार पूर्वीच ठरले आहे.

तेही मुंबईतल्या खटल्यात. अंधेरीत चित्रपटगृह बांधण्याची परवानगी पोलीस आयुक्तांनी जुलै 1947 मध्ये दिली. सप्टेंबरात पत्र आले : सरकारच्या निर्देशावरून परवानगी रद्द. वास्तविक ती रद्द करण्याचा अधिकार एकट्या आयुक्तांचा. प्रकरण न्यायालयात गेल्यावर, निर्णय आयुक्तांचाच होता, असे त्यांच्या प्रतिज्ञापत्राच्या आधारे सांगून पाहण्यात आले. 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. आदेशात जे लिहिले तेच खरे. मागाहून सारवासारव चालणार नाही. ‘वरून फोन होता’ ही आपल्या कचेऱ्यांतली सबब तेव्हाच निकालात निघायला हवी होती.

निघाली नाही. सिमेंटवाटपाचा अधिकार देणग्यांशी जोडल्याचा निष्कर्ष मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. लेंटिन यांनी 1982 मध्ये काढला, तेव्हा मुख्यमंत्री अंतुले यांना खुर्ची सोडावी लागली. तसे क्वचितच घडते. पेट्रोल पंपांच्या मनमानी वाटपाबद्दल केंद्रीय मंत्री सतीश शर्मा यांना 1996 मध्ये ठोठावलेला 50 लाखांचा दंड सर्वोच्च न्यायालयानेच 1999 मध्ये मागे घेतला. पंप गेले, मंत्र्यांचा खिसा शाबूत राहिला!

आज खरी ठेच लागते ती बदल्यांत. राज्याच्या 2005 च्या कायद्यानुसार मुदतीपूर्वी बदली करायची तर लेखी विशेष कारण हवे. प्रत्यक्षात ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढ्यावर भागवले जाते. कर्मचारी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात (‘मॅट’) जातो, आदेश रद्द होतो आणि खर्च तिजोरीतून. शिफारसपत्र देणारे लोकप्रतिनिधी आणि सही करणारे, दोघेही नामानिराळे.

तेव्हा सरकारने दोन गोष्टी कराव्यात. मुदतपूर्व बदलीचा प्रत्येक आदेश कारणासह आणि शिफारस करणाऱ्याच्या नावासह संकेतस्थळावर टाकावा. आणि कारणाविना काढलेला आदेश रद्द झाला, तर दाव्याचा खर्च सही करणाऱ्याकडून वसूल करण्याची तरतूद याच कायद्यात करावी. मग तो सचिव असो वा मंत्री.