प्रवासाची शिदोरी : रोममध्यें दोन दिवस

एका वाचकभगिनीचें पत्र समोर आहे. त्यांचे चिरंजीव जर्मनींत नोकरीस असून यंदा त्यांनीं आईवडिलांस तिकडे बोलावून घेतलें आहे. रजा मोजकी; म्हणून शनिवार-रविवार गांठून तिघांनीं रोमला जावयाचें ठरलें. चिरंजीवांनीं पाहण्याजोग्या एकतीस स्थळांची यादी केली आहे. “माझे गुडघे दुखतात हें त्याला सांगवत नाहीं, त्यानें फार हौसेनें सारें आंखलें आहे. यांतून काय गाळावें?” असें त्या विचारतात.

ती यादी वाचून माझेच गुडघे दुखूं लागले! जुन्या रोमचे पुष्कळसे रस्ते काळ्या दगडाच्या लहान लहान तुकड्यांनीं बांधलेले आहेत. त्यांच्या उंचसखलपणामुळें तरुणांचेंही पाऊल मुरगळतें. तेव्हां पांच-सहा स्थळें ठेवावींत, बाकीचीं खुशाल सोडावींत. मात्र ठेवलेलीं स्थळें एका सूत्रांत ओवून पाहावींत. तें सूत्र असें कीं, रोममधील जी वास्तु वापरांत राहिली ती बहुधा वांचली. जी ओस पडली तिचे दगड लोकांनीं वाहून नेले.

शनिवारीं सकाळीं लौकर सेंट पीटरचें भव्य चर्च गांठावें. प्रवेशास शुल्क नाहीं, पण झडतीसाठीं रांग लागते व ती उन्हाबरोबर वाढत जाते. खांदे व गुडघे झांकलेले असावे लागतात. पदर खांद्यांवरून घेतला कीं आमच्या भगिनींस ती चिंता नाहीं. सध्यांची इमारत १५०६ मध्यें सुरू होऊन १६२६ मध्यें तिचा अर्पणविधि झाला. आंत शिरतांच उजव्या हातास कांचेआड मृत पुत्राला मांडीवर घेऊन बसलेल्या मातेची संगमरवरी मूर्ति आहे. मायकेलअँजेलोनें ती घडविली तेव्हां त्याला पंचविसावें वर्षही पुरें झालेलें नव्हतें. दुसरें कांहीं पाहिलें नाहीं तरी चालेल, पण तेथें थोडा वेळ उभें राहावें. घुमटाच्या ५५१ पायऱ्या मात्र टाळाव्यात. पाळण्यानें गेलें तरी ३२० उरतातच. व्हॅटिकनच्या संग्रहालयासही या खेपेस दुरूनच नमस्कार करावा. त्याला निदान अर्धा दिवस हवा, आणि महिन्याचा शेवटचा रविवार सोडल्यास तें रविवारीं बंद असतें.

जेवण व विश्रांति झाल्यावर टॅक्सी करून पँथिऑनला जावें. हें हेड्रियन बादशहाच्या कारकीर्दींत, दुसऱ्या शतकांत, पुरें झालेलें रोमन देवमंदिर. घुमटाचा व्यास सुमारें ४३ मीटर, आणि जमिनीपासून उंचीही तितकीच. माथ्यावर सुमारें ९ मीटरांचें गोल भोंक उघडें आहे. त्यांतून ऊन आंत उतरतें, पाऊसही येतो, आणि फरशींतील छिद्रांवाटे पाणी निघून जातें. घुमटाचें वजन कमी व्हावें म्हणून वरच्या थरांतील काँक्रीटमध्यें हलका ज्वालामुखी दगड घातलेला आहे. इ. स. ६०९ मध्यें या मंदिराचें चर्च झालें. पुढें छपराचें कांसें लुटलें गेलें, परंतु इमारत राहिली.

तेथून चार पावलांवर पियात्सा नाव्होना हा लांबट चौक आहे. पहिल्या शतकांत डोमिशियननें बांधलेल्या क्रीडांगणाच्या बैठकींवर पुढें घरें उठलीं, म्हणून मैदानाचा आकार अद्याप टिकून आहे. मधोमध बर्निनीचें १६५१ चें कारंजें आहे. त्यांत चार खंडांतील चार नद्या कोरल्या असून त्यांत आपली गंगा आहे! पण जिला आपण माय म्हणतों, ती येथें हातांत वल्हें घेतलेला दाढीवाला पुरुष आहे. नद्यांस पुरुषरूप देण्याची तिकडील जुनी चाल आहे, हें यजमानांस आधींच सांगून ठेवावें.

रविवारीं सकाळीं कोलोसियम व शेजारचें फोरम. तिकिटें आगाऊ काढावींत. महिन्याच्या पहिल्या रविवारीं प्रवेश विनामूल्य असतो, पण त्या दिवशींच्या गर्दीपेक्षां पैसे दिलेले बरे. इ. स. ८० मध्यें उघडलेल्या कोलोसियमची दक्षिणेकडील बाहेरची भिंत १३४९ च्या भूकंपांत ढांसळली, आणि तिचे दगड शहरांतील वाड्यांना लागले. फोरमवर तर शतकानुशतकें गुरें चरत होतीं. तेथेंही सिनेटचें सभागृह उभें राहिलें, कारण सातव्या शतकांत त्याचें चर्च झालें होतें. हें पाहतांना कित्येकांस गांवाकडचा आपला कुलुपबंद वाडा आठवेल.

शेवट त्रेव्हीच्या कारंज्यापाशीं करावा. कारंजें १७६२ चें. पण त्याला पाणी पुरविणारा मूळ कालवा अग्रिप्पानें ख्रिस्तपूर्व १९ मध्यें बांधला. रस्तोरस्तीं पिण्याच्या पाण्याचे लोखंडी नळ अखंड वाहत असतात, तेव्हां रिकामी बाटली जवळ असूं द्यावी. शाकाहारी मंडळींनीं मारिनारा पिझ्झा मागावा. त्यावर टोमॅटो, लसूण व तेल एवढेंच असतें.

आतां भगिनींस एक आगाऊपणाची सूचना. गुडघ्यांची गोष्ट चिरंजीवांस आजच लिहून कळवा. तो बिचारा आईस कांहीं दाखवावयाचें राहूं नये म्हणून यादी वाढवीत बसला असेल, आणि तुम्हीं त्याचें मन मोडूं नये म्हणून गप्प आहांत. अशानें दोघेंही दोन दिवस धांवाल व परत येऊन एकमेकांस थकवा लपवाल. त्याऐवजीं त्या गंगेच्या कारंज्यासमोर दगडी बांकावर मायलेंकांनीं तासभर बसावें. मुलगा वर्षाकाठीं एकदां भेटतो. एवढा वेळ यादींत पहिला लिहावा.