दुधाचा हिशेब कोण देणार?

शाकाहारी समाजाला कत्तलखान्याविषयी बोलणे सोपे जाते. गोठ्याविषयी बोलणे जड जाते. हा जडपणा आजचा नाही आणि केवळ आपल्याकडचाही नाही. १९४४ साली तो इंग्लंडमध्ये उघडा पडला आणि त्यातूनच ‘व्हीगन सोसायटी’ जन्मास आली.

लेस्टरचे सुतारकामाचे शिक्षक डोनाल्ड वॉटसन आणि एल्सी श्रिग्ली यांनी त्या वर्षी १८४७ पासून चालत आलेल्या व्हेजिटेरियन सोसायटीकडे एक साधी मागणी केली. दूधही वर्ज्य मानणाऱ्या शाकाहारींचा स्वतंत्र विभाग असावा आणि मुखपत्रात त्यांना थोडी जागा मिळावी, एवढीच ती मागणी होती. त्यामागचा युक्तिवाद बिनतोड होता. गाय व्यायल्याविना दूध नाही. मग जन्मणाऱ्या नर वासराचे आणि पुढे भाकड होणाऱ्या गाईचे काय होते? दूध आणि मांस ही एकाच गोठ्याची दोन दारे नव्हेत काय? जुन्या संस्थेने मागणी नाकारली. नोव्हेंबरमध्ये लंडनला सहा माणसे एकत्र आली. ‘व्हेजिटेरियन’ शब्दाचे आद्य आणि अंत्य टोक जोडून ‘व्हीगन’ हे नाव सिद्ध झाले आणि दोन पेनी किमतीचे त्रैमासिक निघाले. १९६४ साली ही संस्था धर्मादाय म्हणून नोंदली गेली. १९९४ साली, सुवर्णमहोत्सवी वर्षी, १ नोव्हेंबर हा जागतिक व्हीगन दिन ठरला. वॉटसन २००५ साली ९५ व्या वर्षी निवर्तले.

हे सारे पाश्चात्त्य खूळ आहे, असे म्हणून हात झटकणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी गांधीजींचे उदाहरण आठवावे. दुभत्या जनावरांवर होणाऱ्या फुंक्याच्या क्रूर प्रकाराविषयी वाचून ते अस्वस्थ झाले आणि १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडले. पुढे दुखण्यात कस्तुरबांच्या आग्रहावरून शेळीचे दूध घेतले, तेव्हा व्रताचे अक्षर पाळले, आत्मा पाळला नाही, हेही त्यांनी कबूल केले. अर्थात वॉटसन यांच्या संस्थेच्या कितीतरी आधी हा प्रश्न एका भारतीयाच्या विवेकाला टोचला होता.

आपल्या परंपरेपाशी या प्रश्नाला उत्तर नव्हते असे नाही. वासराचा वाटा राखून धार काढली जाई. गोऱ्हा मोठा होऊन नांगराला, मोटेला, गाडीला जुंपला जाई. भाकड गाईचे शेणही शेताच्या कामी येई. हे उत्तर केवळ भावनेचे नव्हते, ते व्यवस्थेचे होते. आज ट्रॅक्टर आला, कृत्रिम रेतन आले आणि बैलाचे काम गेले. पोळ्याला कित्येक घरांत मातीचे बैल पुजले जातात. व्यवस्था मोडली, अभिमान तेवढा शिल्लक राहिला.

महाराष्ट्रात २०१५ पासून बैल व वळू यांच्याही हत्येस बंदी आहे. २०२४ साली शासनाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रतिदिन ५० रुपयांचे अनुदान ठरवले. दोन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत. परंतु कायदा सुरी अडवतो, चारा घालत नाही. संकरित गाईचा गोऱ्हा कोणी पोसावा? दोन जनावरांवर संसार चालवणाऱ्या शेतकऱ्याने? आणि जिच्या दुधावर आपला चहा चालतो, त्या म्हशीच्या रेडकाचे काय? त्याला तर ही सरसकट बंदीही लागू नाही.

शेतकऱ्याला दूध सोडायला सांगणे हे भारतात उत्तर होऊ शकत नाही. त्याच्या घरातील रोजची रोकड तीच आहे. म्हणून हिशेब ग्राहकाने द्यावयास हवा. दूधसंघांनी प्रत्येक लिटरमागे भाकड जनावरांचा आणि नर वासरांचा वाटा वेगळा काढावा. ग्राहकाने तो कुरकुर न करता भरावा. गोशाळेला सणासुदीला दिलेली देणगी ही या कर्तव्याची भरपाई होऊ शकत नाही.

माता म्हणायचे आणि दूध आटले की तिचा खर्च दुसऱ्याच्या माथी मारायचा, याला भक्ती म्हणत नाहीत. सहा इंग्रजांनी विचारलेला प्रश्न परका असेल. त्यातले वासरू मात्र आपल्याच दावणीचे आहे.