कोंबड्यांच्या खाद्यांतील सेलेनियमचा हिशेब

कोंबड्या पाळणारे आपले शेतकरी बंधु मका आणि सोयाबीनची पेंड यांचा भाव नित्य विचारतात. परंतु त्याच खाद्यांत मिसळल्या जाणाऱ्या खनिज मिश्रणांत काय आहे व किती आहे, हें विचारणारा विरळा. त्याचें वजन थोडें, म्हणून त्याकडे लक्षहि थोडें. आमचें मत याच्या उलट आहे. जें द्रव्य थोडें लागतें त्याचाच हिशेब अधिक काटेकोर ठेवावा लागतो, आणि सेलेनियम हें याचें उत्तम उदाहरण होय.

हें मूलद्रव्य स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनीं १८१७ सालीं शोधून काढलें. पुढें दीर्घकाळ त्याची ओळख विष म्हणूनच होती. अमेरिकेच्या साउथ डाकोटा प्रांतांत कांहीं जमिनींवर चरणाऱ्या जनावरांचे केस गळत व खूर निखळत. तेथील धान्य खाणाऱ्या कोंबड्यांचीं अंडीं उबवलीं तर गर्भ विद्रूप होत व पिलें निघत नसत. याचें मूळ त्या जमिनींतील सेलेनियम आहे, हें १९३० नंतरच्या दशकांत सिद्ध झालें. आपल्या देशांतहि पंजाबांतील नवांशहर व होशियारपूर या भागांत अशा कांहीं जमिनी आहेत.

१९५७ सालीं चित्र पालटलें. श्वार्ट्‌झ व फोल्ट्‌झ यांनीं उंदरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, हेंच द्रव्य अत्यल्प प्रमाणांतहि मिळालें नाहीं तर यकृत नासतें. त्याच सालीं असेंहि आढळलें कीं, पिलांच्या छातीपोटाच्या कातडीखालीं हिरवट-निळें पाणी सांठण्याचा रोग सेलेनियमनें टळतो. १९७३ सालीं त्याचें कारण कळलें. पेशींस घातक अशा संयुगांचा नाश करणाऱ्या एका एन्झाइमाचा तो घटकच आहे. ई जीवनसत्त्व हेंच काम दुसऱ्या वाटेनें करतें. म्हणून एकाची तूट दुसरें कांहींशी भरून काढतें, सर्वस्वीं नाहीं.

आतां आंकडे पाहूं. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनें १९९४ सालीं मांसाच्या कोंबड्यांची गरज एक किलो खाद्यांत ०.१५ मिलिग्रॅम ठरविली. खाद्यांत वरून घालण्याची त्या देशांतील कायद्याची मर्यादा किलोस ०.३ मिलिग्रॅम आहे. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यांत हें प्रमाण ५ मिलिग्रॅमच्या आसपास गेलें कीं अंड्यांतून पिलें निघणें कमी होऊं लागतें. ०.३ मिलिग्रॅम म्हणजे एक टन खाद्यास ०.३ ग्रॅम. सोडियम सेलेनाइट या क्षाराच्या रूपानें तो सुमारें दोन तृतीयांश ग्रॅम भरतो. एवढीशी भुकटी एक टन खाद्यांत फावड्यानें सारखी कोण पसरवील? एका कोंबडीस विष व दुसरीस उपास, असाच प्रकार व्हावयाचा. म्हणून सुटा क्षार आणून घरीं मिसळूं नये. तयार मिश्रण घ्यावें, आणि तेंहि प्रथम थोड्या भरड्यांत कालवून मग मोठ्या ढिगांत घालावें.

दुसरा मुद्दा तोलाचा. खनिजें एकमेकांपासून अलिप्त नसतात. शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडी प्रमाणाबाहेर पडली तर जस्त व मँगेनीज अंगीं लागत नाहींत. मँगेनीज कमी पडलें कीं पिलांच्या टांचेची शीर सरकून पाय वाकडा होतो. कोंडा व पेंड यांतील फायटिक आम्ल जस्ताला धरून ठेवतें. यास्तव एक रोग पाहून एकच खनिज वाढविणें म्हणजे एका खात्याची तूट भरण्यासाठीं दुसऱ्या खात्यांत खोट आणणें होय.

कित्येकांचें म्हणणें असें कीं, जास्त घातलें म्हणून काय बिघडतें, बळच वाढेल. हा समज सेलेनियमपुरता तरी टाकून दिला पाहिजे. तयार खाद्यांत तें असतें, खनिज मिश्रणांत असतें, आणि पाण्यांतून दिल्या जाणाऱ्या शक्तिवर्धक औषधांतहि पुष्कळदां असतें. एकच रकम तीन वह्यांत मांडली जाते, पण बेरीज कोणीच करीत नाहीं. यीस्टमधील सेलेनियम अंड्यांत अधिक उतरतें हें खरें. तथापि तेंहि याच बेरजेंत धरलें पाहिजे.

म्हणून आमची सूचना अशी आहे. ज्या पिशवीवर प्रत्येक खनिजाचा आंकडा मिलिग्रॅममध्यें छापलेला नाहीं, ती घेऊं नये. खाद्य, मिश्रण व औषध या तिहींतील सेलेनियमची बेरीज करून ती वहींत लिहावी, आणि ती मर्यादेबाहेर जात असल्यास पशुवैद्यास विचारून एखादी बाब बंद करावी. आपल्या संस्थेनें सभासदांची मागणी एकत्र करून मिश्रण घ्यावें व त्याचा नमुना प्रयोगशाळेंत तपासून घ्यावा. एकट्या शेतकऱ्यास हा खर्च जड जातो. शंभरांनीं वांटून घेतला तर तो जाणवणारहि नाहीं.